मर्विनच्या हॉटेलातलं कालवण

भुईगाव, मंगळवार

ती. ताईस,

मंदाचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे साष्टांग आता कागदावरच जमतो, तोच गोड मानून घे). तुझी शुगर कशी आहे, भाऊजींचा खोकला थांबला का आणि चिकूला यंदा बहर कसा आहे, ते कळव. आम्ही इकडे सगळे ठणठणीत आहोत. पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच करणार होते, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि मी बोललेलं तुझ्या सुना, नातवंडं आणि चिकू उतरवायला आलेली माणसंसुद्धा ऐकतात. इकडे माझा फोन लागला की आमचे हे हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसतात. म्हणून कागद.

आपल्या राधिकाचं तुझ्या कानावर आलंच असेल. आचोळ्याच्या ज्या दवाखान्यात ती लोकांचे खांदे-गुडघे हलवून देते, तिथे अर्नाळ्याच्या एक बाई खांदा घेऊन येत असत. त्यांना आणणारा मुलगा म्हणजे तेजस. बाईंचा खांदा केव्हाच बरा झाला तरी मुलगा त्यांना आणतच राहिला, तेव्हा कुठे बाईंना संशय आला. मुलगा सरळ आहे, अंधेरीला नोकरी करतो, घरची बोट आहे, मला काकू म्हणतो. पहिल्या दिवशी ह्यांनी "कोळ्यांच्या घरात द्यायची?" म्हणून तोंड वाकडं केलं खरं, पण मी विचारलं की त्यांनी धरलेला मासा तुम्हाला जन्मभर चालला, मग त्यांचा मुलगा का चालत नाही. त्यावर ह्यांना उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही की आमच्याकडे होकार धरतात. घोडं अडलं होतं ते तेजसच्या आईपाशी. राधिका त्यांना पसंत होती, आम्ही नव्हतो. बागायती करणारे वाडीवाले म्हणजे नाकाने कांदे सोलणारे, मुलगी आणली तर तिच्यामागून माहेरचा तोराही घरात येईल, असं त्यांचं म्हणणं. (तोरा आपल्या घराण्यात थोडा आहे, नाही म्हणत नाही. पण आई म्हणायची, तो सगळा ताईच्याच वाट्याला गेला.) आधी माणसं बघेन, मग बोलेन, असं त्यांनी लेकाला सांगितलं. राधिका आठवडाभर धड जेवली नाही, तेव्हा मला कळलं की हे साधं प्रकरण नाही.

आता बघायचं कुठे? ठरायच्या आधी मुलीच्या घरी पान वाढून घेणार नाही, असं त्यांचं. मुलीची आई असून मी आपण होऊन त्यांच्या दारात जाणार नाही, असं माझं. शेवटी मुलांनीच ठरवलं की कुणाचंच घर नको, हॉटेलात भेटू. हॉटेलाबद्दलचं माझं मत तुला ठाऊक आहेच. मागच्या वर्षी उमंगच्या वाढदिवसाला नालासोपाऱ्यात एका ठिकाणी गेलो होतो. (हे जिथे जातील तिथे वेटरला विचारतात, आज ताजं काय आहे? जणू तो बिचारा सांगणार की आज सगळं शिळं आहे, उद्या या.) मी फक्त एवढंच म्हटलं की तळायच्या आधी मासा मला एकदा दाखवा. वेटरने मॅनेजर आणला, मॅनेजरने मासा आणला, मी कल्ला उचलून बघितला, आणि मग जे काय बोलले त्यानंतर शेजारच्या दोन टेबलांनी आपापल्या ऑर्डरी बदलून पनीर मागवलं. तेव्हापासून उमंग मला हॉटेलात नेत नाही. पोटची पोरं आईला विसरतात ती अशी.

म्हणून जागा मी सुचवली, मर्विनचं हॉटेल. एमिलीचा मर्विन तुला आठवत असेल, कुंपणापलीकडच्या ऑगस्टीनचा मुलगा, जो लहानपणी आपल्या वाडीतले पेरू खाऊन आपल्याच अंगणात बिया टाकायचा. मोठ्या जहाजावर स्वयंपाकी होता, आता वाडीतच नारळीखाली टेबलं मांडून त्याने हॉटेल काढलंय. जागा छान आहे, फक्त खाली सगळी वाळू, त्यामुळे खुर्च्या हळूहळू रुततात आणि जड माणूस जेवण संपेपर्यंत चांगलाच बुटका होतो. शहरातून लोक गाड्या घेऊन येतात आणि आपण रोज ज्याला डास म्हणतो त्याला निसर्ग म्हणतात. तर जागा ठरली, पण मला झोप येईना. पहिल्यांदा घरची माणसं बघायला येणार आणि त्यांच्या पानात आपल्या हातचं काही नाही? मर्विनच्या त्या आचाऱ्याच्या हातचं खाऊन त्यांना आपलं घर कळणार कसं? पाहुण्याला आपल्या हातचं वाढल्याशिवाय पाठवलं असं आपल्या आईच्या घरात कधी झालंय का, तूच सांग.

तेव्हा मी काय केलं, रविवारी सकाळी पापलेटं आणली आणि कैरी घालून, नारळाचं दाट दूध सोडून, माझं नेहमीचं कालवण केलं. पातेलं राधिकाच्या हाती कुंपणावरून एमिलीकडे, एमिलीकडून हॉटेलच्या मागच्या दाराने आत. मर्विन आधी कुरकुरला (काकी, माझ्या किचनची काय इज्जत राहणार), पण त्याला पेरूंची आठवण करून दिली. ठरलं असं की कालवण हॉटेलचं म्हणूनच यायचं, पाहुण्यांनी वाहवा केली की एमिलीने सहज येऊन सांगायचं की अहो, हे तर मंदाने केलंय. मला स्वतःला काही बोलावं लागू नये, एवढाच हेतू. तोरा दिसायला नको ना.

तेजसची आई आली. हिरवी साडी, केसात अबोलीचा गजरा आणि नजर अशी की पुढ्यातल्या माशाने स्वतःहून कल्ले उघडून दाखवावेत. बोलणं मोजकं. मी सवयीने वेटरच्या हातातला डाव काढून घेतला आणि स्वतःच वाढलं. बाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. मी मनात म्हटलं, झालं. डोळे उघडून त्या शांतपणे म्हणाल्या, "मासोली ताजी हाय. पन कालवन करनाऱ्याला मासा समजत नाय. नारलात बुडवून मारलीय."

ताई, मी कोणत्या तोंडाने काय सांगू. एमिली पदराला हात पुसत ठरल्याप्रमाणे येत होती, तिला मी डोळ्यांनीच अशी परत पाठवली की ती थेट स्वतःच्या घरी गेली. राधिकाला ठसका लागला. तेजस टेबलाखाली चमचा शोधायला लागला, जो पडलाच नव्हता. सगळे माझ्याकडे बघतायत. आता मी गप्प राहिले तर बाईंना वाटणार, बघा, वाडीवाल्यांना आमचं बोलणं लागलं. राधिकाचं तोंड बघितलं आणि मनाचा दगड करून म्हटलं, अगदी खरं आहे, ह्या हॉटेलवाल्यांना कसली चव. बाई म्हणाल्या, कैरी पण उगाच. मी म्हटलं, उगाचच. मीठ? मीठही बेताचंच. एकदा उतरले ती उतरलेच. आपल्याच कालवणाचे मी असे वाभाडे काढले की तुला ऐकून फार बरं वाटलं असतं. आणि बाई नावं ठेवत ठेवत तिसऱ्यांदा वाढून घेत होत्या.

हे सगळं मी सोसलं असतं, पण आमच्या ह्यांनाही वाचा फुटली. संसारात ताटातल्या वस्तूबद्दल ज्यांनी कधी हूं की चूं केलं नाही, ते म्हणाले, नारळ जास्तच घालतात हे लोक, नेहमीच घालतात, आणि आदल्या दिवशीचं उरलं तर दुसऱ्या दिवशी पाणी घालून वाढवतात. बाईंनी मग आचाऱ्यालाच बोलवायला सांगितलं. मर्विन आला, खाली मान घालून माझ्या वाट्याच्या शिव्या त्याने खाल्ल्या. (मी नारळीच्या शेंड्याकडे बघत होते.) त्याने विचारलं, आँटी, कुक बदलू का? तर हे म्हणतात, नको रे, जुनं माणूस दिसतंय, सांभाळून घे. ह्यांची खुर्ची तोवर इतकी रुतली होती की फक्त डोकं दिसत होतं, नाहीतर काहीतरी माझ्या हातून घडलंच असतं.

पण एक झालं. हॉटेलला नावं ठेवता ठेवता बाई मोकळ्या झाल्या, हसल्या, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या की माणसं साधी दिसतात. उठताना म्हणाल्या, पुढच्या रविवारी तुमच्या घरी येते, तुमच्या हातचं कालवण खायला. तिथेच काय ते पक्कं बोलू. म्हणजे लग्न जवळजवळ ठरलंच समज. इथे सगळं व्यवस्थित आहे. तू या वयात दगदग करून येण्याची काही गरज नाही. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मंदा

ता. क. दगदग करून ये. शनिवारीच ये. माझं कालवण त्या एका घासात ओळखतील आणि मग सगळंच बुडेल. तू डहाणूला करतेस ते पातळ, कोकमाचं, नारळ नावापुरता असलेलं कालवण कर, मी नुसती डाव हातात धरून चुलीपाशी उभी राहीन. मी नारळात मासा बुडवते असं तू किती वर्षं म्हणत आलीस ते मला आठवतं. आता पुन्हा म्हणू नकोस, मी ऐकलंय.

ता. क. दुसरा (गुरुवार). पाकीट चिकटवायला डिंक मिळेना म्हणून पत्र पडून राहिलं, ते बरंच झालं (आता उद्या डहाणूला जाणाऱ्या माणसाच्या हातीच देते). काल राधिकाने सांगितलं, हसून हसून. तिने रविवारी सकाळीच तेजसला सगळं कळवलं होतं आणि तेजसने येताना आईला. म्हणजे बाईंना पहिल्या घासाआधीच ठाऊक होतं की कालवण कुणाचं. घरी जाऊन त्या लेकाला म्हणाल्या, "जी बाय पोरीसाठी सोताच्या कालवनाला नावं ठेवते, तिच्या घरात कसला आलाय तोरा. पोर आनायची. आन कालवन लय ब्येस होतं, रविवारी तसंच करू दे." ताई, मला रडूच आलं. आणि त्यामागोमाग असा राग आला की काय सांगू, तासभर मला मंद आचेवर ठेवून ती बाई पोटभर जेवली. तेव्हा तू ये, पण नुसती जेवायला. कालवण मीच करणार, नारळ दोन. मला कळलंय हे मात्र तिला कळता कामा नये. रविवारी वाढताना मी अगदी गरीब तोंड करून विचारणार आहे, त्या हॉटेलवाल्यापेक्षा बरं जमलंय का हो? मग बघू या विहीणबाई काय म्हणतात.