नैसर्गिक हसण्याच्या छळाबद्दल दादास

ती. दादा,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून अर्धाच वाकलो. उरलेला भेटीत.) वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझी साखर काय म्हणते? दोन्हींचं उत्तर तू 'बरं आहे' असंच देणार, पण विचारायची रीत आहे म्हणून विचारलं. आमच्याकडे माझ्याखेरीज सगळे मजेत आहेत आणि माझं जे चाललं आहे ते तुझ्या कानावर घातल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही.

लेक, जावई आणि नात चौदा तारखेला येताहेत. नात दोन वर्षांची झाली, मी तिला अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. (फोनवर दिसते, पण मी फोन कसाही धरला तरी तिकडे म्हणे नुसतं माझं कपाळ दिसतं.) आजोबांची ओळख व्हावी म्हणून त्यांनी कपाटावर माझा एक फोटो लावला आहे. कुठला ते मी विचारलं नाही, माझे सगळे सारखेच. तर नात तो फोटो पाहिला की पडद्यामागे जाऊन भोकाड पसरते. हल्ली ती जेवत नसली की तिला कपाटाजवळ नेतात, मग निमूट चार घास खाते. ज्या लेकीला मी खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवलं, तिच्या घरात माझा उपयोग बागुलबुवा म्हणून व्हावा, याला काय म्हणायचं ते तूच सांग.

त्यावर लेकीचा हुकूम आला, की बाबा, एक हसरा फोटो लगेच पाठवा, तिला सवय होईल, आणि नॅचरल हसा. मला या शब्दाचीच चीड आहे. नॅचरल म्हणजे आपलं आपण होतं ते. ते दुसऱ्याने एक दोन तीन म्हटल्यावर कसं व्हायचं? शिंक येते का कोणाच्या सांगण्यावरून? बरं, पासपोर्टच्या वेळी याच तोंडाला खिडकीतल्या बाईंनी दात दिसतात म्हणून परत पाठवलं होतं. (दात दिसत नव्हते. सर्दीमुळे तोंडाने श्वास घेत होतो.) म्हणजे सरकारला मी मिटलेला हवा आणि घरच्यांना उघडा हवा.

त्यातून माझा धंदा असा. एकोणतीस वर्षं मी डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवतो आहे. या गावात निम्मे लोक माझ्या दातांनी हसतात. पण एवढी वर्षं दात बघितल्यावर माणूस हसला की मला आनंद दिसत नाही, काम दिसतं. आरशासमोर सरावाला उभा राहिलो तर ओठ उचलताक्षणी डावीकडचा सुळा अर्धा मिलिमीटर खाली आहे हे लक्षात आलं आणि पुढचा तास त्यातच गेला.

तरी स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर माझ्या निम्म्या वयाचा. मला उंच स्टुलावर बसवून म्हणाला, काका, चेहरा सैल सोडा, काहीतरी छान आठवा. मी नातीला आठवलं. मग ती पडद्यामागे गेलेली आठवली, आणि नेमका तेव्हाच त्याने फोटो काढला. हिने तो पाहून दाढ कधीपासून दुखते विचारलं. शेजारच्या मास्तरांनी तो चष्मा लावून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, पेपरात द्यायचाय का.

इथे माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, जे मी पेशंटसाठी करतो ते स्वतःसाठी का करू नये? कवळी बनवण्याआधी आम्ही तोंडात मेणाची जाड पट्टी बसवतो, म्हणजे ओठ कितपत उचलायला हवेत ते कळतं. मी स्वतःच्या मापाची पट्टी केली, चांगली भरघोस. ती हिरड्यांवर बसवली की काही न करता माणूस हसरा. दवाखान्याच्या आरशात पाहिलं, अप्रतिम. तसाच तोंड मिटून स्टुडिओत गेलो. पण त्या गृहस्थाने दोन मोठे दिवे माझ्या तोंडावर सोडले आणि पंधरा मिनिटं नुसता पडदा सरळ करत बसला. मेण उष्णतेने वितळतं हे मला कोणी शिकवायला नको होतं, दादा. वरचे दात खालच्यांना चिकटले. काका, बरं वाटतंय ना, असं त्याने विचारलं आणि मी नाकातून उत्तर दिलं. त्याला वाटलं, माझी अर्धी बाजू गेली. त्याने मला स्कूटरवर बांधल्यासारखा बसवून जवळच्या दवाखान्यात आणलं. तो आमचाच निघाला.

बाहेर सात पेशंट होते, पैकी तीन माझ्या कवळीचे. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत गार पाण्याने मेण कडक केलं आणि ती पट्टी हास्यासकट उपटून काढली. (ती आता त्यांच्या टेबलावर ठेवली आहे.) सगळे पोट धरून हसले. तिन्ही कवळ्या जागच्या हलल्या नाहीत, तेवढंच समाधान.

तूही हसत असशील. हस. पण मला त्या फोटोचं काही पडलेलं नाही, दादा. चौदा तारखेला मी दार उघडेन आणि ती मला बघून आईच्या खांद्यात तोंड खुपसेल, याची मला धास्ती बसली आहे. तिने माझ्यापासून लपू नये, एवढंच मला हवं आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
हसण्याच्या कामी नापास धाकटा भाऊ

ता. क. : तुझ्या निरोप समारंभातला मनमोकळा हसतानाचा फोटो आहे ना, तो लगोलग पाठव. आपल्या जुळ्यांतला फरक आईखेरीज कोणाला कधी कळला नाही, तर दोन वर्षांच्या पोरीला काय कळणार? शिवाय तुझे पुढचे चार दात मीच केले आहेत, त्यामुळे त्या हसण्यावर माझा हक्क पोचतो.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तोच लेकीने त्या कपाटावरच्या फोटोचा फोटो पाठवला. आपल्या विशीतला आहे, जावयाने अल्बममधून उचललेला. हिने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, अहो, हे मोठे भाऊजी आहेत, भांग उजवीकडे आहे. तोंड मिटलेलं असल्यामुळे मला ओळखू आला नाहीस. म्हणजे ती पोर इतके दिवस तुला भिऊन जेवते आहे आणि इकडे मी तोंड भाजून घेतलं. तेव्हा फोटो पाठवू नकोस, चौदाला सकाळी नऊच्या आत तूच ये. दार तू उघड. तिचं रडून झालं की मी बाहेर येईन.