तेहतीस कोटींची भिंत

५ जानेवारी, सोमवार

झालं! वर्गाबाहेरची भिंत रंगून झाली. पुढच्या सोमवारी बोलक्या भिंतींची तपासणी, आणि आमची भिंत बोलणार गणित. ३१, ३३१, ३३३१ — अशा चढत्या सात संख्या. सगळ्या मूळ, म्हणजे एक नि स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. त्याखाली ठळक रंगात आठवी — ३३,३३,३३,३३१. हीसुद्धा मूळ! ही माझी भर. तेरापर्यंत भागून बघितलं, पुढं पेंटर खोळंबला होता. आधीच्या सात आहेत तर ही असणारच.

हेडसर म्हणाले, "तेहतीस कोटी! देवांएवढी की वो!"

६ जानेवारी

आठवीतली अपेक्षा तासाला उठली. "सर, भिंतीवरच्या मोठ्या संख्येला सतरानं भाग जातोय." पोरं हसली. ती वही पुढं करत होती, मी बघितलीसुद्धा नाही. "आधी सतराचा पाढा पाठ कर, मग भिंती तपास!" वर तास संपेपर्यंत उभी ठेवली.

घरी येऊन भागाकार मांडला. सतरा गुणिले १,९६,०७,८४३. बाकी शून्य. तीनदा केला. शून्यच!

अठ्ठावीस वर्षं गणित शिकवतोय. चूक एक वेळ परवडली. पण त्या पोरीला उभं केलं — फार लाज वाटतेय.

७ जानेवारी

आज वर्गात सांगणार होतो. नाही सांगितलं.

८ जानेवारी

हेडसरांना एकट्यात गाठून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "राजकुमार सर, तपासणीला कोण भागाकार करत बसतंय? सोमवार जाऊ द्या, मंग पुसू." मी मान डोलावली. वर सुटल्यासारखं वाटलं! काय भित्रा माणूस आहे मी.

९ जानेवारी

अपेक्षाची आई आली होती, भामाबाई. शेंद्र्याला कंपनीत आहे, अर्धा दिवस बुडवून आली. "सर, पोरीनं स्कॉलरशिपचं पुस्तक माळ्यावर टाकून देलं. म्हणती, मला गणित येत नाय. खरंच येत नाय का वो तिला?"

"येतं की. वय असतं असं," मी म्हणालो.

बाईनं हात जोडले. "मंग तुमीच सांगा तिला. तुमचंच आयकती."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या तोंडून खरं निघेना. आता सोमवारी तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर, सगळ्या पोरांसमोर म्हणायचं — अपेक्षा बरोबर, मी चूक. ठरलं.

१२ जानेवारी, सोमवार

साहेब भिंतीपाशी थांबले. "एवढी मोठी संख्या मूळ? कोण सांगेल?"

मी घसा खाकरला. तेवढ्यात अपेक्षा पुढं आली. माझ्याकडं बघितलं. सतराचं नावही काढलं नाही. "व्हय सर, मूळ हाय. आमच्या सरांनी सांगितलंय."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.