मांजरं सांभाळीन

१४ मार्च २००३, शुक्रवार
ही गेली त्याला आज अकरा दिवस. काल दहावा झाला. लिहून ठेवतो, नाहीतर लोक सांगतील तेच खरं ठरेल.
सकाळी सातला घाटावर. माणसं पुष्कळ. माईकवर तिघांची श्रद्धांजलीची भाषणं. एकाने हिचं नाव चिठ्ठीत बघून वाचलं, तेही चुकीचं. सुमनच्या जागी सुशीला. मी काही बोललो नाही.
पिंड ठेवले. कावळा शिवेना. झाडावर सात-आठ बसलेले, एकही खाली उतरेना. अर्धा तास गेला. मेहुणे बबनराव हात जोडून म्हणाले, "आक्का, वंदीला आमी अंतर देणार न्हाई." नाही आला. वंदना म्हणाली, "आई, अण्णांच्या जेवणाचं मी बघीन." नाही आला. मग मला पुढे केलं. "दाजी, तुमी बोला." मी मनात बोललो. काय ते इथे लिहीत नाही. कावळे जागचे हलले नाहीत.
तेवढ्यात मागून शेजारच्या ताराबाई, "मांजरांचं बोला की कुणीतरी." बायकांत खसखस. बबनराव म्हणाले, "बोला दाजी, बोलायला काय जातंय." मी चारचौघांत म्हणालो, "मांजरं सांभाळीन." शब्द पुरा व्हायच्या आत कावळा पिंडावर.
एकतीस वर्षांचा संसार. जीव अडकला तो मांजरांत.

१५ मार्च
आज बाजारात एकाने विचारलं, "काय मोजणीदार, मांजरं बरी हायती ना?" म्हणजे गावभर झालं. पाटबंधारे खात्यात एवढी वर्षं काढली, कधी कुणाला हसायला जागा दिली नाही. हिने जाता जाता दिली.
मांजरं दोन. फौजदार (पुढे फौ.), पिवळा बोका. नाव हिनेच ठेवलं, मिशांवरून. सहा वर्षांत एक उंदीर धरलेला नाही. मागच्या साली पालीवर झडप घातली. शेपूट हातात आलं, पाल गेली. हा दोन दिवस शेपटावर पहारा करत बसला.
मंगी (मं.), ठिपक्यांची. चिमणीवर उडी मारते आणि हौदात पडते. एकदा नाही, तीन वेळा. उंदराच्या मागे जाते, उंदीर वळून बघायला लागला की परत येऊन हिच्या मांडीवर बसायची. ही म्हणायची, "दमलं बाई माझं."
बबनरावांनी एकदा वारूळवाडीहून पक्कं उंदीरमार मांजर आणून दिलं होतं. हिने आठ दिवसांत परत पाठवलं. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१६ मार्च
तेरावा. गोड जेवण. फौ. पंगतीत फिरून आला. कुणाच्या ताटातलं पळवणंही जमलं नाही. एका म्हातारीने चमचा उगारला तर हा माझ्याच पायाखाली आला.

१९ मार्च, बुधवार
सगळे गेले. वंदना सकाळच्या एस.टी.ने मंचरला.
माळा साफ केला. कोपऱ्यात एक गाडगं, तोंड शेणामातीने लिंपलेलं. फोडून बघतो तर वरपर्यंत राख. दोन आठवड्यांपूर्वी हिची सगळी राख गोळा करून मी नदीत सोडून आलोय. घरात राख नको. अंगणात नेऊन ओतली, वर पाणी मारलं.
राखेत पावटा निघाला. हिचा गावठी पावटा. माहेराहून आणलेलं बी, दरसाल कुंपणाच्या कडेने लावायची आणि पुढच्या सालासाठी ठेवायची. औंदाचं फेब्रुवारीत ठेवलेलं असणार, म्हणजे पोटात दुखत असताना. दुखतंय हे तेव्हाही सांगितलं नाही.
बी निवडलं, पुसलं, पांढऱ्या स्वच्छ पिशवीत भरून खुंटीला टांगलं. चिठ्ठी लावली: पावटा, मृगात लावणे.

२९ मार्च
फौ.ची दूधभाकरी रोज कावळा खातो. फौ. शेजारी बसून बघतो. घाटावर अर्धा तास हात जोडायला लावणारा तो हाच का, देव जाणे. मी दगड मारला. दगड फौ.ला लागता लागता राहिला.
"बुवा, तू मांजर आहेस" हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

६ एप्रिल, रविवार
सकाळी बघतो तर पिशवीला भोक. निम्म्याच्या वर पावटा गेला. उरल्यातला पुष्कळसा कुरतडलेला.
खुंटीच्या बरोबर खाली ट्रंकेवर मं. झोपलेली. तिच्या पाठीवर पावट्याची टरफलं. वर उंदीर हिचं बी खात होते आणि टरफलं हिच्या मांजरीच्या अंगावर पडत होती, आणि तिने कूस बदलली नाही.
मी ओरडलो. बराच वेळ ओरडलो. दूध कुणाचं पितेस, कुणाच्या जिवावर जगतेस, तुझ्यापेक्षा दगड पाळला असता तर उंदरावर मारायला तरी कामी आला असता. फौ. आला आणि पिशवी हुंगून गेला, पंचनामा केल्यासारखा.
ताराबाई भिंतीवरून डोकावल्या. मला वाटलं विचारतील. म्हणाल्या, "चालू द्या," आणि गेल्या. हसत होत्या.

७ एप्रिल
चांगलं बी निवडलं. ओंजळभर. स्टीलच्या डब्यात ठेवलं.
वंदनाचा फोन. सांगितलं मांजरांनी काय केलं ते. ती म्हणाली, "पण बी तर राखेत असतं ना? गाडग्यात? आई तोंड लिंपून ठेवायची, उंदराच्या बापाला घावायचं नाही. राख कुठं गेली, अण्णा?"
लाईन खराब आहे म्हणालो.

२१ एप्रिल
फौ. आणि उंदीर आज समोरासमोर. वाटीत दूध. उंदीर प्यायला. फौ. थांबला. उंदराचं झाल्यावर हा प्यायला. मी दारातून सगळं पाहिलं.
ट्रंकेत हिच्या हिरव्या लुगड्याचा पदर कुरतडलेला.
बस्स झालं. मी "सांभाळीन" म्हटलं होतं. घरातच सांभाळीन असं म्हटलेलं नाही.

२७ एप्रिल, रविवार
दोघांना पोत्यात घातलं, सायकलला बांधलं. निघताना पोतं सात वेळा गरगर फिरवलं, म्हणजे वाट कळत नाही म्हणतात. वाटेत आवाज नाही. बहुतेक झोपले असावेत.
कालव्याच्या पुलापलीकडे उसाजवळ उतरलो. एक जण पाणी धरत होता. म्हणाला, "हितं नका सोडू, राव. बिबट्या फिरतोय. गेल्या हप्त्यात कुत्रं उचललंय."
मी म्हणालो, "मांजर वाघाची मावशी असते." तो हसला. मी विनोद केला नव्हता.
पोत्याचं तोंड सोडलं. मं. बाहेर आली, माझ्या चपलेवर बसली. तिला बाजूला केलं. फौ. आतच. पोतं उलटं केलं तरी आतच, कापड नखाने धरून. एवढीच पकड आयुष्यात त्याची पाहिली. पोतं तिथेच ठेवून निघालो. मागे पाहिलं नाही. मागे बघितलं की येतात म्हणतात.

२८ एप्रिल
घर स्वच्छ. दार उघडं ठेवलं तरी कोणी आत येत नाही. कावळा येऊन रिकाम्या वाटीवर चोच आपटून गेला.
आज दिवसभरात एकही शब्द बोललो नाही हे संध्याकाळी दिवा लावताना लक्षात आलं.

२९ एप्रिल
उंदरांचा पिंजरा आणला. दुपारपर्यंत दोन सापडले. आधीच आणायला हवा होता. हे काम इतकं सोपं आहे.

३० एप्रिल, बुधवार
सकाळी ताराबाई दारात. आत आल्या नाहीत.
"भाऊ, मांजरं दिसत न्हाईत."
"असतील कुठेतरी."
"चार दिस तुमचा आवाज न्हाई. मला वाटलं, काय झालं का काय."
मी म्हणालो, सोडून आलो. तर त्या पायरीवरच बसल्या, आणि मग जे बोलल्या ते आठवेल तसं लिहितो.
दवाखान्यात शेवटच्या रविवारी त्या हिच्याजवळ बसल्या होत्या. ही त्यांना म्हणाली, "तारे, हे कुणाशी बोलायचं न्हाईत. माझ्याशी बी मोजूनमापूनच बोलत्यात, मोजणीदार हायती. पर मांजरांवर घसा फुटंस्तवर वरडत्यात. म्हणून तर ती निकामी ठिवलीत. उंदीर धरणारं आणलं व्हतं भावानं, हप्ताभर घरात चिडीचूप. मी दिलं माघारी. मी न्हाई ऱ्हायले तर मांजरं ऱ्हाऊ दे. त्यांचा आवाज आला की समजायचं, माणूस जिता हाय."
"म्हणून मी घाटावर बोलले," ताराबाई म्हणाल्या. "लोक हसले तर हसू दे म्हणलं. आन तुमी सोडून आला."
मी विचारलं, मला का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमी कुणाला इचारू देता का काही?" आणि गेल्या. जाताना मांजरांची वाटी पायाने सरळ करून गेल्या.
मला राग आलाय. ताराबाईंचा नाही. मांजरांचाही नाही. शेजारच्या बाईला सांगता येतं ते घरातल्या माणसाला एकतीस वर्षांत सांगता येत नाही. दुखतंय ते सांगितलं नाही. हे सांगितलं नाही. आणि मी मांजरांवर ओरडत राहिलो, ही चुलीपाशी बसून ऐकत राहिली. कधी कधी हसायची. मला वाटायचं मांजरांना हसते.
घाटावर मी मनात जे बोललो, ते मोठ्याने बोलायला हवं होतं का.

१ मे
सकाळी सायकल काढली. पुलापलीकडे पोतं तसंच. त्यावर मं. बसलेली. चार दिवसांत जागा सोडली नव्हती. पोट खपाटीला. मला बघून उठली आणि पाटात पडली. काढली, शर्टात घेतली.
फौ. नाही.
हाक मारायची तर नावानेच मारावी लागणार. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणालो, फौजदार. त्याने काय होणार. मग कालव्याच्या भरावावर चढून ओरडलो. पाणी धरणारा पळत आला. "काय झालं भाऊ? मोटार चोरीला गेली का?"
एक मोटारसायकलवाला थांबला. "फौजदार ओतूरला भेटंल, पावणं. हितं कॅनॉलवर कशाला येतोय?"
मी त्यांना सगळं सांगितलं. पुरं सांगितलं. अनोळखी माणसांना. पाणी धरणारा हसला नाही. म्हणाला, "मी सांगितलं व्हतं तुमाला," आणि उसाच्या त्या बाजूने तोही हाका मारत गेला.
नाही मिळाला.

२ मे. गेलो. नाही.
३ मे. गेलो. उसात पावलं दिसली. मांजराची नाहीत, मोठी. घरी येऊन जेवलो नाही.
५ मे. नाही. मं.ला झापलं, बरोबर होतीस तर लक्ष ठेवायला काय झालं. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज थांबला होता. ऐकत असाव्यात. म्हणून आणखी जरा झापलं.

१८ मे, रविवार
घसा बसलाय. वंदना आली. बघते तर बाप दारात बसून मांजरीशी खरखरत्या आवाजात भांडतोय. चहा करून दिला.
मी म्हणालो, "राख मी टाकली."
ती म्हणाली, "माहीत आहे."
"मांजरांचा दोष नव्हता."
"थोडा होता की, अण्णा. टरफलं अंगावर पडली तरी उठली नाही म्हणजे काय."
दोघंही हसलो. नंतर ती मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होती.
ताराबाईंच्या चुलीतली राख आणून बी त्यात ठेवलं. मीच चाळली. अजून हात लावताना बरं वाटत नाही. लावला.

८ जून, रविवार
मृग लागला. पावटा लावला. ओंजळीतलाही सगळा नाही, थोडा मागे ठेवला, हा नाही उगवला तर. कुंपणाच्या कडेला ही दोन आळ्यांत किती अंतर ठेवायची ते आठवेना. आयुष्यभर लोकांची शेतं मोजली. ताराबाईंनी पाय टाकून दाखवलं.
दुपारी दूधवाला आला. उदापूरच्या पुढे एका वस्तीवर पिवळा बोका आहे म्हणतो. महिनाभर झाला, कुणी पाळलेला नाही, आपला गोठ्यात पडलेला असतो. मी विचारलं, उंदीर धरतो का. तो म्हणाला, "कसलं राव. काल कोंबडीनं टोचून पळवला. पिलांवर गेला म्हणून न्हाई, तिच्या वाटंत झोपला व्हता म्हणून."
पिवळे बोके गावोगाव असतात. पण कोंबडीला भ्यालेला म्हणजे.
उद्या सकाळी जातो. पोतं नेणार नाही, हिची बाजाराची पिशवी काढून ठेवलीय. तोच असला तर आधी तिथेच, वस्तीवरच्या लोकांसमोर, चांगला झापणार. बोलायचं बरंच साठलंय.