नागरिकशास्त्राच्या बाई, लोकसभेत

१४ मार्च २०१९, जामखेड

मला खासदारकीचं तिकीट दिलंय. मला!

आठवी ब वर नागरिकशास्त्राचा तास चालू होता, धडा नेमका संसदेचा. अख्खा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागला. "फळा इकडं आहे!" म्हणून ओरडले आणि मीही बाहेर बघितलं. पटांगणात पांढऱ्या गाड्यांची रांग. पक्षाचे जिल्हाध्यक्ष तात्यासाहेब स्वतः उतरले.

शिक्षकखोलीत चहा बशीत ओतत म्हणाले, "राजेश्वरीबाई, आडपडदा ठेवत न्हाई. पक्षात दोघं इच्छुक हायेत. एकाला दिलं की दुसरा बंड करतोय. तुमच्यावर दोघांचाबी राग न्हाई."

"अहो, पण मी निवडून कशी येणार?"

"येणारच न्हाई! ती काळजीच सोडा."

मुख्याध्यापकांनी बिनपगारी रजा जागेवर मंजूर केली. "शाळा उघडायच्या आत मोकळ्या व्हाल," म्हणाले.

घरी सांगितलं तर हे नुसते हसत सुटले. सासूबाई मात्र शेंगा फोडायच्या थांबल्या. झुंबरबाई नाव त्यांचं, ऐंशीला टेकल्यात, पण आवाज बाजारपेठेपर्यंत. "पडायलाच उभं ऱ्हायचं तर घरातल्या घरात पड की. उन्हात कशाला?"

४ एप्रिल, नगर

आज घोळ झाला. मोठा.

समोरचा उमेदवार हर्षल. साखर कारखान्याचा चेअरमन, बापाचा एकुलता एक. दहावीपर्यंत आजोळी जामखेडला होता, माझ्याच हाताखाली शिकलेला. अर्ज भरायला गेले, तर कलेक्टर ऑफिसच्या पायऱ्यांवर समोरासमोर आलो. तो वाकला, पाया पडला. सगळीकडून कॅमेरे. आणि माझा हात गेला ना त्याच्या डोक्यावर! तोंडातूनही निघालं, "यशस्वी हो बाळा!"

संध्याकाळपर्यंत जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाईलवर. तात्यासाहेबांचा फोन— "बाई, पडायचं ठरलंय, मान्य. पण इतकं?"

९ एप्रिल

पहिली मोठी सभा. बाजारतळावर नुसता कलकलाट. मी माईकसमोर गप्प उभी राहिले, वर्गात राहते तशी. हळूहळू सगळे चिडीचूप. मग बोलले. पस्तीस मिनिटं झाली आणि वाक्य अर्धवट सोडून थांबले. सवय! पुढचा तास कुणाचा आहे हेच शोधत होते. शेवटी विचारलं, "काही शंका?"

सुनीलनं कपाळाला हात लावला. सुनील म्हणजे पक्षानं दिलेला सहायक, नगर शहरातल्या सावेडीचा, कपड्यांना कडक इस्त्री. नंतर म्हणाला, "मॅडम, सभेत शंका विचारत नाहीत. लोकांना खरंच असतात."

एक बाई उठलीच. लंकाबाई, ऊसतोडीला जाणारी. "बाई, दिवाळी झाली की आमी कोयता घिऊन जातो. पोरं संगंच येत्यात. त्यांची शाळा कुठं भरती?"

सरळ सांगितलं, "मला माहीत नाही. शोधून सांगते." लोकांनी टाळ्या का वाजवल्या कळलं नाही.

२३ मे

निवडून आले!!

कसं, ते कुणालाच नीट सांगता येत नाही. त्या आशीर्वादाच्या व्हिडिओनं म्हणे बायका फिदा झाल्या— विरोधकाला असं कोण म्हणतं? शिवाय दोन्ही इच्छुकांनी जीव तोडून काम केलं. मी पडले तर पुढच्या वेळी दुसऱ्याला मिळेल, ही दोघांनाही भीती.

गुलालात माखलेले तात्यासाहेब बाजूला येऊन हळूच विचारतात, "बाई, आता काय करायचं?" मला विचारतात!

मुख्याध्यापकांचा फोन. अभिनंदन वगैरे नाही. "वेळापत्रक लावून बसलोय हो! आठवी ब कुणाला देऊ आता?"

२० जून, दिल्ली

शेवटची रांग मिळाली. जन्मभर मागच्या बाकावरच्यांना उभं केलं, आता स्वतःच तिथं. शेजारचे गृहस्थ मोबाईलवर क्रिकेट बघतात. दोनदा हात पुढं गेला होता जप्त करायला. आवरला.

१८ जुलै

आज बोलायला दोन मिनिटं मिळाली. ऊसतोड मजुरांच्या मुलांचा प्रश्न. हिंदीतून घोकून गेले होते. उभी राहिले आणि दोन्ही बाजूंनी आरडाओरडा सुरू, माझ्यासाठी नाही, भलत्याच कशासाठी. अध्यक्षांच्या खुर्चीतले गृहस्थ 'बैठिये, बैठिये' करतायत, कुणी ऐकेना. माझी मिनिटं चाललेली.

आणि माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटून मराठीतच ओरडले, "ए! एकदम शांत! कुणाचाही आवाज नकोय मला!"

सभागृह गार. पहिल्या रांगेतले एक ज्येष्ठ मंत्री चक्क हाताची घडी घालून बसले! त्या शांततेत मी सगळा प्रश्न मांडला. कारखान्यांच्या आवारात हंगामी शाळा हव्यात, इथपर्यंत.

१९ जुलै

सगळ्या चॅनेलांवर मी. 'ए! एकदम शांत!' एवढंच. पुढचं कापलेलं. एक पत्रकार म्हणाला, "मॅडम, परत एकदा ओरडून दाखवता का, आवाज नीट आला नाही." मुलांचा प्रश्न काय होता, हे एकानंही विचारलं नाही. मंत्रालयाचं लेखी उत्तर आलं— विषय राज्य सरकारकडं पाठवला आहे.

सासूबाईंचा फोन. "टीव्हीवर बघितलं. एवढ्या लांब वरडायला गेलीस व्हय?"

३ डिसेंबर

हर्षलच्या कारखान्यावर गेले, न सांगता. उसाच्या पाचटाच्या खोप्या, चिखल, बैलांमधून खेळणारी पोरं. लंकाबाई तिथंच भेटली. मोळी बांधता बांधता म्हणाली, "बाई, सापडली का शाळा?" थट्टा नव्हती करत. खरंच विचारत होती.

तशीच हर्षलच्या केबिनमध्ये घुसले. तो खुर्चीतून उठला. म्हणाला, "बाई, दिल्लीत ओरडलात. दिल्लीच्या हातात काय आहे? इथं येऊन ओरडला असता तर कधीच झालं असतं."

"मग ओरडू?"

"नको, नको! गोडाऊनशेजारची शेड देतो."

फोटोवाला मात्र त्यानं लगेच बोलावला.

१६ डिसेंबर

शाळा भरली! बसायला पोती, फळा आमच्या शाळेतून आणलेला जुना. दोन शिक्षक आमच्या शाळेच्या संस्थेनं दिले, अर्थात माझा फोन गेल्यावर. लंकाबाईची धाकटी पोरगी पहिल्या रांगेत. 'हजर' म्हणायचं असतं हे माहीत नव्हतं, 'व्हय' म्हणाली. तेच चालू ठेवलं.

तात्यासाहेब चिडलेत. "विरोधकाच्या कारखान्यावर कशाला गेलात?" म्हटलं, ऊस तिथं आहे म्हणून.

५ जानेवारी २०२३

फार दिवसांनी लिहितेय. कोरोनात शेड बंद होती. परत उघडली तर पोरं दुप्पट. रस्ते झाले, एक रेल्वेपूल अडकला, भाषणं बरी जमायला लागली. सुनील इस्त्री न करता यायला लागलाय. पण कुणी 'काय केलंत?' विचारलं की मी शेडच सांगते.

२ मार्च २०२४

हर्षल आमच्या पक्षात आला! तात्यासाहेबांनी हार घातला. मी टाळ्या वाजवल्या. आपला विद्यार्थी, बरं वाटलं.

ह्यांनी जेवताना विचारलं, "तो कशासाठी आला असेल?" हे सहसा राजकारणावर बोलत नाहीत. मी भात कालवत राहिले.

२१ मार्च

तिकीट हर्षलला. तात्यासाहेब तसेच, आडपडदा नाही. "बाई, तुमी कधी म्हनालाच न्हाई की पायजे म्हनून." खरंय. शिकवायच्या नादात राहून गेलं. मला एखादी समिती देणार आहेत.

मी 'काही हरकत नाही' म्हटलं. सासूबाईंनी ताट आपटलं.

२६ मार्च

आज शेडवर गेले. हंगामाचे शेवटचे दिवस. दारावर हर्षलचा वीस फुटी फोटो, आत खुर्च्या, झेंडे, कुलर. प्रचार कार्यालय! पोरं बाहेर, ट्रॉलीच्या सावलीत. मास्तर फळा गुडघ्यावर धरून शिकवत होते.

फोन लावला. हर्षल म्हणाला, "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, बाई. तुम्ही समजून घ्याल."

"अरे, दोन महिन्यांत ही पोरं गावाकडं गेलेली असतील."

"तेच म्हणतोय ना मी!"

लंकाबाई लांबून बघत होती. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२२ एप्रिल

अपक्ष अर्ज भरला. तात्यासाहेब म्हणाले, "बाई, ह्या वेळी खरंच पडाल." म्हटलं, बघू.

बाहेर सगळ्यांना सांगितलं की हा तत्त्वाचा लढा आहे, जय-पराजय गौण. इथं खरं लिहिते— मला दिल्लीला जायचंय. हर्षलला पाडायचंय! सडकून!