शेवटच्या पानावरची गाडी

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय संयोगिता,

रोज फोनवर बोलतो, मग हे पत्र कशाला, असं वाटेल तुला. पण फोनवर बोलताना विजयसिंह शेजारच्या कॉटवर असतात आणि तू नुसती "हं, हं" करतेस. मला जे सांगायचंय त्याला "हं" पुरायचं नाही. जोतीराम भाऊजी उद्या पुण्याला दवाखान्यात तुमच्याकडे यायला निघालेत, त्यांच्या हाती देते आहे. आधी खुशाली सांगते. तुझ्या सासूबाई, म्हणजे आपल्या अक्का, दिवसातून एकदा तरी तुझ्या नावानं कुरकुरतात, म्हणजे तब्येत उत्तम आहे. तुझी लेक अवंतिका जेवते, शाळा बुडवत नाही. आणि मी तुझी अपराधी आहे, ते कसं ते आता सांगते.

माझं बालवाचनालय तू पहिल्यापासून बघितलंयस. पुढच्या खोलीत चार कपाटं, एक सतरंजी आणि नऊ ते बारा वर्षांच्या पोरांची कलकल. दर गुरुवारी मी पालकांना मोबाईलवर नव्या पुस्तकाची शिफारस पाठवते आणि अर्धी राजारामपुरी ती डोळे झाकून मानते. शाळेत तू मला चिडवायचीस, निशीला तांबडा रस्सा वासावरनं कळतो, चाखायची गरज नाही. पुस्तकांचंही मी तसंच करते. पहिली तीन प्रकरणं आणि शेवटचं पान. शितावरून भाताची परीक्षा. महिन्याला एवढी नवी पुस्तकं येतात, सगळी कधी वाचू, असं स्वतःला समजावत आले आणि आजवर ते खपलं.

तू पुण्याला निघालीस तेव्हा रिक्षात बसता बसता माझा हात धरून म्हणालीस, अवंतिकाला हसरी पुस्तकं दे गं, बाकी काही नको. डॉक्टरांनी विजयसिंहांची आशा सोडलीय हे तू, मी, अक्का आणि भाऊजी एवढ्यांनाच माहीत. पोरीला सांगितलंय, बाबा कंपनीच्या ट्रेनिंगला गेलेत आणि त्यांच्या सोबतीला आई. मी तुला शब्द दिला. आणि त्याच आठवड्यात म्हशीचं पुस्तक तिच्या हातात ठेवलं.

पुस्तक नवंकोरं, आपल्याच मातीतलं. गवळ्याच्या घरची दहा वर्षांची पोर आणि तिची हट्टी म्हैस. सुरुवातीला दिवाळीच्या पाडव्याचा दिवस. म्हशीच्या शिंगांना मोरपिसं, अंगावर रंग, बाप मोटारसायकल काढतो, पोर मागं बसून हाका घालते आणि म्हैस गाडीमागं धावत सुटते. मी खदखदून हसले. शेवटचं पान उघडलं तर पुढच्या वर्षीचा पाडवा, तीच म्हैस, तीच गाडी, पोर मागं बसून ओरडतेय. म्हटलं, झकास. "पोट धरून हसाल," असं गुरुवारच्या शिफारशीत लिहून मोकळी झाले.

अवंतिकानं ते वाचून परत आणलं, पण नेहमीसारखी सतरंजीवर रेंगाळली नाही. त्यानंतर अक्का भाजीच्या गाडीपाशी भेटल्या. म्हणाल्या, "पोरगी जोतीरामच्या मागं गाडीवर बसंना झालीया. शाळंत चालतच जाती म्हणती. येवढं ऊन हाय, पर ऐकंल तर शपथ." मी हसून म्हटलं, लाडावलीय. दुसऱ्या दिवशी ती आली तर मी तिच्यापुढे आणखी एक विनोदी पुस्तक धरलं. तिनं ते घेतलंच नाही. शांतपणे विचारलं, "मावशी, तू हे पुरं वाचलंयस काय?"

ती गेल्यावर दार लावून म्हशीचं पुस्तक पहिल्यापासून वाचायला बसले. संयोगिता, मधल्या प्रकरणांत त्या पोरीचा बाप आजारी पडतो. घरातले तिला सांगतात, तो गावाला गेलाय. तो कायमचा जातो तेव्हाही ती गोठ्यात म्हशीला घास भरवत असते, कुणी तिला हाक मारत नाही. शेवटच्या पानावर गाडी चालवणारा तिचा काका आहे. ते पान मी वाचलं होतं गं. काकाचं नाव डोळ्यांखालून गेलं होतं. पहिल्या पानावर गाडीवर बाप होता एवढं साधं मला आठवू नये? आणि इकडे अवंतिकाचे काका, आपले जोतीराम भाऊजी, तिला विजयसिंहांच्या बुलेटवरून शाळेत सोडायला लागले होते.

पुस्तक वाईट नाही. फार चांगलं आहे, इतकं खरं लिहिलेलं मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. वाईट मी वागले. उंटावरून शेळ्या हाकत राहिले आणि तुझी शेळी कड्यावर गेली तरी मला दिसलं नाही. आणि तिनं ते सगळं एकटीनं वाचलं.

हे सगळं तू परतल्यावरही सांगता आलं असतं. पण काल ती पुन्हा आली. कपाटातली पुस्तकं एकेक काढून परत ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, मोठ्या माणसाला दवाखान्यात वाचून दाखवायला कुठलं पुस्तक चांगलं?" दवाखान्याचं तिला कुणीही सांगितलेलं नाही. मी विचारलं, हसरं हवं का? म्हणाली, "कसलं बी चालंल. फकस्त लवकर संपणारं दे." आयुष्यभर शिफारशी केल्या, पण ह्या गिऱ्हाइकासाठी चारही कपाटं पालथी घातली. विजयसिंहांना अजून ऐकू येतंय, तुला ते ओळखतात, असं तू परवाच म्हणालीस. मग उशीर नको. परवा भाऊजी परत आले की त्यांच्याबरोबर तिला पाठवते, तू फक्त हो म्हण. दवाखान्याच्या दारापाशी खाली उतरून तिला जवळ घे, खरं काय ते तूच सांग आणि मग वर त्यांच्याकडे घेऊन जा. तिच्या दप्तरात एक लहानसं पुस्तक असेल. ते मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंय.

तुझीच,
निशिगंधा