सातव्या टोपलीजवळचं झाड

प्रिय ढब्ब्या,

मैदानांना स्टार देणारा मोठा परीक्षक झालास तरी माझ्यासाठी तू ढब्ब्याच. रविवारी आमच्याकडे येतोयस. मैदानाचा इतिहास आणि तिथली माणसं स्टार देताना धरायची का, असं फोनवर विचारलंस, तेव्हा तुझे भाऊजी शेजारीच बसले होते. मी हसून वेळ मारून नेली. आता पोस्टातल्या बाई तुझ्या गावाकडे निघाल्यात, त्यांच्या हाती हे पत्र देतेय.

इतिहास तुला मी काय सांगू? तबकडी फेकायला तू इथंच शिकलास. तबकडी टोपलीत टाकायचा हा डिस्क गोल्फ कशाशी खातात हे कुणाला ठाऊक नव्हतं, तेव्हा तुझ्या भाऊजींनी आणि त्यांच्या सुतार मित्रानं कचऱ्याची जागा साफ करून टोपल्या उभ्या केल्या, त्यांना साखळ्या लावल्या. सातव्या टोपलीकडे तबकडी फेकायचा चौथरा त्या मोठ्या झाडाखाली बांधला. सुतार गेले तेव्हा सगळी मंडळी तिथंच जमून रडली. माणसं तर काय, सोन्यासारखी! म्हणून तर सगळे डोळे झाकून पाच स्टार देतात.

आणि त्याचीच मला भीती वाटते रे. झाड आतून पोकळ झालंय. वारा सुटला की ते करकरतं आणि इकडे स्वयंपाकघरात मी खिडकीशी धावते. तोडा म्हटलं की हे ताटावरून उठतात. सुताराला दुसऱ्यांदा पोचवू का, असं मलाच विचारतात. मंडळीही त्यांचीच री ओढते. सकाळी चहा पिता पिता हे लोकांनी लिहिलेलं कौतुक मोठ्यानं वाचतात. एवढे स्टार उगाच मिळतात का, म्हणतात. ते स्टार बघून अनोळखी माणसं लेकरंबाळं घेऊन येतात आणि नेमकी त्याच चौथऱ्यावर फोटोला उभी राहतात. हे स्टार मायेचे आहेत, हे त्या बिचाऱ्यांना कुठून कळणार?

तू तरी माया बाजूला ठेव. एकच स्टार दे आणि का दिलास ते स्पष्ट लिही. त्यांनी हाताला धरून शिकवलेला तू, तुझं ते ऐकतील. माझ्याशी अबोला धरतील, धरू देत.

एवढं लिहिलं आणि सांगायचं ते राहिलंच. सुट्टीला आमच्याकडे आलेली तुझी लेक चिमणी काल दुपारी त्या चौथऱ्यावर खेळत होती. तिची तबकडी झुडपात गेली, ती आणायला पळाली आणि तिच्या पाठीमागे भलीमोठी फांदी कोसळली. चौथऱ्याची फरशी फुटली. पोरीला साधं खरचटलंही नाही, शपथ. ह्यांनी फांदी ओढून बाजूला टाकली, चौथरा झाडला आणि तुला कळवू नको म्हणाले. आज सकाळपासून तिथं पुन्हा खेळ सुरू आहे. चिमणीला मी दाराबाहेर सोडत नाही, पण दुसऱ्यांच्या लेकरांना कशी अडवू? रविवारची वाट बघू नकोस. हातातलं काम टाक आणि आजच निघ.

तुझीच,
घाबरलेली ताई