यादीतून खोडलेलं गाणं

टीचर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की गावठाणातल्या निम्म्या लोकांना आता तुमचा चेहराही आठवत नाही. मला आठवतो, आणि नेहमी त्या एकाच संध्याकाळचा आठवतो. आपल्या चर्चमधला मागचा माळा, जिथे उभी राहून कोयर गायची, तो वाळवीने पोखरला होता. फादरांनी जिन्याला कुलूप लावलं आणि गाणारे खाली, बाकांच्या कडेला उभे राहू लागले. "खालून गाणं वर चढत नाय गो," असं म्हणत तुम्ही त्याच आठवड्यात माळ्याच्या दुरुस्तीला पैसे जमवण्यासाठी संगीताची संध्याकाळ करायचं ठरवून टाकलंत. यादी आणि निवेदन माझ्याकडे दिलंत. मी शेजारच्या चाळीतल्या गिरणी कामगाराची मुलगी, तुमच्याच हाताखाली शिकून तुमच्याच शाळेत नोकरीला लागलेली. चर्चच्या कार्यक्रमात हिंदू पोरगी काय बोलणार, असं कमिटीत कुणीतरी कुरकुरलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिची जीभ साफ हाय. आपल्यातला कुणी एवढं शुद्ध बोलत असेल तर आणा त्याला." माझ्या शुद्ध बोलण्याचा तुम्हाला अभिमान होता. मला त्याहून जास्त होता.

तुमच्या स्वयंपाकघरात आपण बसलो आहोत. तुम्ही वर्षाचा मसाला बाटल्यांत भरता आहात, लाकडी दांडीने ठासून ठासून, आणि मला एकामागून एक शिंका येताहेत. कोयर, व्हायोलिन, शाळेच्या मुली, सिनेमातली गाणी वाजवणारी गावठाणातली पोरं, माझं एक भावगीत. मी लिहीत जाते. सात झाले, तेव्हा तुम्ही मान वर न करताच म्हणता, "आठवा नंबर माझा लिही." मी हसते. इतक्या वर्षांत तुम्ही आम्हाला गायला शिकवलंत, पण एकट्याने उभं राहून गाताना तुम्हाला कुणी पाहिलं नव्हतं. कोणतं गाणं, मी विचारते. "पाण्याचं. माझ्या आयेचं." लग्नाआधी बायका घुमट वाजवत, गात विहिरीवर पाणी भरायला जातात, तेव्हाचं. तुमच्या आईनंतर ते पूर्ण येणारी गावठाणात तुम्ही एकट्याच उरल्या होतात. "म्हणून दाखवा ना, म्हणजे किती वेळ लागेल ते कळेल," मी म्हटलं आणि तुम्ही एकदम रागावलात. "ते काय असं बसल्या बसल्या म्हणायचं गाणं हाय? मसाल्याच्या हातानं? त्या दिवशीच ऐक." मग तुम्हालाच वाईट वाटलं असावं. हात धुऊन तुम्ही आतून एक पुडकं आणलंत. फिक्या निळ्या रंगाची साडी होती, स्टेजवर नेसण्यासाठी माझ्याकरता घेतलेली. तुम्ही स्वतः जन्मभर शाळेत दोनच झगे आलटून पालटून घातलेत.

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी कमिटीचे सेक्रेटरी शाळेत आले. बँकेत मोठ्या हुद्द्यावरचे गृहस्थ, बोलायला मऊ. प्रमुख पाहुणे एका कारखान्याचे मालक होते, माळ्याचं काम त्यांच्यावरच अवलंबून होतं. सेक्रेटरींनी यादीवर बोट ठेवलं. "त्यांच्यासमोर घुमट बडवून विहिरीची गाणी? लोक हसतील हो. पण टीचरना मी कसं सांगू? तुम्ही बघा काय करता येतंय ते." एवढंच बोलून ते गेले. मी नाही म्हणू शकले असते. तुमच्याकडे येऊन तुम्हाला सांगू शकले असते. पण टीचर, तुमची ती घरातली बोली माइकवरून सगळ्या मैदानभर ऐकू जाईल, आणि माझ्या निवेदनानंतर ऐकू जाईल, ही लाज माझ्याही मनात होती. त्यांनी फक्त ती मला दाखवली. मी लाल पेन्सिल घेतली आणि आठवा नंबर खोडला. नव्या यादीत तिथे व्हायोलिन आलं.

त्या संध्याकाळी तुम्ही लुगडं नेसून आलात. लाल चौकड्यांचं, केसांत फुलं, गळ्यात आईची सोन्याची माळ. मी तुम्हाला क्षणभर ओळखलंच नाही. मांडीवर घुमट, मातीच्या मडक्याला कातडं ताणलेलं, त्यावर तुमची बोटं नुसती ठेवलेली. सातवं गाणं संपलं. तुम्ही पदर सारखा केलात आणि खुर्चीतून थोड्या उठलात. मी माइकसमोर तुम्ही दिलेली साडी नेसून उभी होते. मी व्हायोलिन जाहीर केलं. तुम्ही परत बसलात. त्यानंतर प्रत्येक वेळी मी कागद हातात घेतला की तुम्ही माझ्याकडे पाहायचात, अगदी शेवटी फादर आभार मानायला उभे राहिले तोवर. पाहुणे खूश झाले. माळ्याचं सगळं लाकूड देतो, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. लोक पांगल्यावर मी तुमच्याजवळ आले. "टीचर, वेळच उरला नाही." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला कळलं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. "बोललीस छान," तुम्ही म्हणालात आणि घुमट पदराखाली घेऊन निघालात.

पाच महिन्यांनी काविळीने तुम्ही गेलात. कोयर नव्या माळ्यावरून पहिल्यांदा गायली ती तुमच्या अंत्यविधीच्या मिस्साला. तेव्हापासून शाळेच्या प्रत्येक संमेलनात सातवा कार्यक्रम संपला की माझी जीभ अडते. समोर कुणीतरी खुर्चीतून उठतंय असं वाटतं. मुलींना वाटतं बाई नाव विसरल्या.

मग तुमची भाची आली. कार्यक्रमाच्या वर्षी ती पुण्याला नर्सिंग शिकत होती, तिने काहीच पाहिलं नव्हतं. तिचं लग्न ठरलं होतं. "ताई, आत्या म्हणायची, तुझ्या पाण्याला मी आयेचं गाणं म्हणेन. आता ते कुणालाच येत नाही. पण तिने तुमच्या कार्यक्रमात म्हटलं असेल ना? तुम्हाला येत असेल." तिच्या डोळ्यांत बघून मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हटलं असतं तर का नाही, हेही सांगावं लागलं असतं. "शब्द नाही आठवत," मी म्हटलं, "चाल आठवते. उद्या ये." दुसऱ्या दिवशी तिला मी चाल गाऊन दाखवली. ती रडायला लागली. "हीच. अगदी हीच. आत्या भाकऱ्या थापताना हीच गुणगुणायची." गावठाणातल्या बायकांनी जुन्या गाण्यांतले शब्द त्यात बसवले. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीकडे जाताना सगळ्यांनी ते म्हटलं आणि मीही त्यांच्यात चालले.

आता ते आपल्याकडच्या प्रत्येक लग्नात म्हणतात. गेल्या महिन्यात एका म्हातारीने, तुमच्याच वयाची असेल, माझा हात धरून सांगितलं की लहानपणी तिने हे तुमच्या आईच्या तोंडून ऐकलंय. मी मान डोलावली.

टीचर, तुमचं गाणं मी कधी ऐकलंच नाही. ती चाल मी भाची परत यायच्या आदल्या रात्री मुलींच्या वह्या तपासता तपासता जुळवली. हे भाचीला लिहायला बसले होते, आणि वर नाव तुमचं लिहिलं गेलं.